रूपावर हक्क कोणाचा? जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या शैलींचा तीस वर्षांचा इतिहास

१/ सन १९९७. नेटस्केप कम्युनिकेटर ४ हा त्या काळचा नामांकित ब्राउझर. त्यात कोणी जावास्क्रिप्ट बंद केली, तर एक चमत्कारिक प्रकार घडे. पानावरचे रंग, समास, अक्षरांचे आकार हे सारे सीएसएसने ठरवलेले. जावास्क्रिप्टशी त्याचा वरवर पाहता काहीच संबंध नाही. तरीही जावास्क्रिप्ट बंद होताच पान बोडके होई. शैलीपत्रक जागच्या जागी असे, पण ब्राउझर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

२/ असे का घडे, याचे उत्तर एका जुन्या वादात दडलेले आहे. वेबपानाचे रूप कोणत्या भाषेत लिहावे आणि त्यावर अखेरचा हक्क कोणाचा, हा तो वाद. १९९७च्या सुमारास तो मिटला असे साऱ्यांना वाटले. २०१४मध्ये तो पुन्हा उभा राहिला. मित्रहो, आजच्या थ्रेडमध्ये जिनिव्हाच्या प्रयोगशाळेपासून एका किलोबाइटहून लहान लायब्ररीपर्यंतचा हा प्रवास पाहू.

३/ टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत वेब घडवले, तेव्हा एचटीएमएलचे काम मर्यादित होते. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, एवढेच ती सांगे. शीर्षक किती मोठे दिसावे हे ब्राउझर ठरवी. लेखकाने हस्तलिखितात फक्त ‘प्रकरण दुसरे’ असे लिहावे आणि कोणते खिळे लावायचे ते छापखान्याने पाहावे, तशी ही विभागणी. शोधनिबंधांची देवाणघेवाण करणाऱ्या शास्त्रज्ञांना तेवढे पुरेसे होते.

४/ १९९३मध्ये मोझेक ब्राउझर आला आणि वेबवर नव्या माणसांची रीघ लागली. वृत्तपत्रे, दुकाने, जाहिरातदार यांना आपले पान आपल्याच तोंडवळ्याचे हवे होते. ब्राउझर बनवणाऱ्यांनी त्यांना खूश करण्यासाठी एचटीएमएलमध्येच ‘सेंटर’, ‘फॉन्ट’ अशा खुणा घुसवल्या. मजकूर आणि साजशृंगार यांची सरमिसळ झाली. शंभर पानांवरच्या शीर्षकांचा रंग बदलायचा, तर शंभर पाने उघडून प्रत्येक ठिकाणी हात घालावा लागे.

५/ १० ऑक्टोबर १९९४. सर्नमध्येच काम करणारे नॉर्वेचे होकॉन व्हियम ली यांनी एक प्रस्ताव मांडला. रूपाचे नियम मजकुरापासून वेगळ्या पत्रकात लिहावेत, हा त्याचा गाभा. त्यानंतर तीनच दिवसांनी नेटस्केपचा पहिला ब्राउझर लोकांसमोर आला. पुढल्या काळात ज्यांचा सामना व्हायचा होता, ते दोघे असे एकाच आठवड्यात जन्मले.

६/ ली यांच्या प्रस्तावात ‘कॅस्केडिंग’ हा शब्द महत्त्वाचा होता. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर शैलींची उतरंड: एकावर एक रचलेली पत्रके. एक पत्रक लेखकाचे, एक वाचकाचे, एक ब्राउझरचे. पहिल्या मसुद्यात तर आग्रहाचे प्रमाणही टक्क्यांत लिहायची सोय होती. मोठे शीर्षक २४ पॉइंटचे हवे, आग्रह शंभर टक्के. दुय्यम शीर्षक २० पॉइंटचे, आग्रह ४० टक्के. उरलेल्या हिश्शात उतरंडीतल्या पुढच्या पत्रकाने आपले म्हणणे मांडावे.

७/ टक्केवारीची ही कल्पना पुढे गळून पडली. वाटाघाटीचे तत्त्व मात्र टिकले. बर्ट बॉस हे डच संशोधक ली यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस बनली. त्या आवृत्तीत लेखक आणि वाचक दोघांनीही एखादा नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून नोंदवला, तर लेखकाची सरशी होई. मे १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटवला गेला. दृष्टी अधू असलेल्या वाचकाने मोठी अक्षरे मागितली, तर शब्द त्याचा चालावा, हा त्यामागचा विचार.

८/ आता दुसरा पक्ष. मे १९९५मध्ये नेटस्केपमधील ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका भाषेचा पहिला आराखडा उभा केला. तीच जावास्क्रिप्ट. पुढच्याच वर्षी नेटस्केपने डब्ल्यूथ्रीसीपुढे जावास्क्रिप्ट स्टाइलशीट्स, संक्षेपाने जेएसएसएस, हा प्रस्ताव ठेवला. रूपासाठी निराळी भाषा कशाला, प्रोग्रामच्याच भाषेत शीर्षकाच्या रंगाला ‘निळा’ हे मूल्य द्या की झाले, अशी ही मांडणी होती.

९/ प्रस्ताव पोकळ नव्हता. तेव्हाच्या सीएसएसमध्ये ना चल होते, ना बेरीज-वजाबाकी. एखादा समास दुसऱ्याच्या निम्मा ठेवायचा तर गणित लेखकाने मनात करायचे आणि आकडा हाताने लिहायचा. जेएसएसएसमध्ये ते गणित प्रोग्राम करी. आजचा डेव्हलपर ज्या सोयीसाठी जावास्क्रिप्टमध्ये शैली लिहितो, तिची बीजे १९९६च्या या प्रस्तावात स्पष्ट दिसतात.

१०/ तरीही तो हरला. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ३ने ऑगस्ट १९९६मध्येच सीएसएसला अंशतः आधार दिला होता. जेएसएसएस नेटस्केप कम्युनिकेटर ४खेरीज कोणत्याही ब्राउझरने स्वीकारली नाही. मग नेटस्केपलाही सीएसएस घेणे भाग पडले; पण त्यांचे यंत्र तर जेएसएसएससाठी बांधलेले. म्हणून आत एक दुभाषा बसवला गेला: आलेल्या सीएसएसचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करायचे आणि ते चालवायचे. जावास्क्रिप्ट बंद, की दुभाषा मुका. आरंभी पाहिलेल्या त्या बोडक्या पानाचे कोडे हे असे उलगडते.

११/ या पराभवामागे कंपन्यांच्या चढाओढीइतकेच एक तात्त्विक कारणही होते. सीएसएसचा नियम हे एक विधान असते. ते ब्राउझर वाचू शकतो, छपाईयंत्र वाचू शकते, वाचक त्यावर आपले विधान ठेवू शकतो. प्रोग्राम मात्र चालवून पाहिल्याशिवाय त्यातून काय निघेल ते कळत नाही. मायक्रोसॉफ्टलाही हा धडा मिळाला. इंटरनेट एक्सप्लोरर ५मध्ये सीएसएसच्या आत जावास्क्रिप्टचे सूत्र लिहिण्याची सोय होती. ते सूत्र इतक्या वेळा नव्याने मोजले जाई, की पाने रखडत. २००९च्या आठव्या आवृत्तीत, प्रमाणित पद्धतीने दाखवल्या जाणाऱ्या पानांसाठी, ही सोय काढून टाकण्यात आली.

१२/ त्यानंतरचे दशक विभक्तीचे. मजकूर एचटीएमएलमध्ये, रूप सीएसएसमध्ये, वर्तन जावास्क्रिप्टमध्ये. तिघांनी एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकू नये. २००३मध्ये डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केले. तेथे एचटीएमएलचे एकच पान होते आणि जगभरातल्या रचनाकारांनी केवळ शैलीपत्रक बदलून त्याला असंख्य रूपे दिली. ली यांच्या विचाराचा याहून देखणा पुरावा सापडणे कठीण.

१३/ पण वेब बदलत होते. २००४मध्ये जीमेल आले, २००५मध्ये गूगल मॅप्स. पाने आता वाचण्यापुरती उरली नव्हती, ती वापरायची अवजारे झाली होती. एकेका संकेतस्थळावर डझनावारी माणसे काम करू लागली आणि सीएसएसचा एक जुना स्वभाव जाचू लागला. तिच्यातले प्रत्येक नाव साऱ्या पानभर लागू होते. वाड्यात चार बिऱ्हाडे आणि चारही घरांत एकेक अण्णा. अंगणातून ‘अण्णा’ अशी हाक मारली की चौघेही खिडकीत येणार. एकाने ‘बटन’ हा क्लास लाल केला की दुसऱ्याचे बटनही लाल.

१४/ यावर प्रथम शिस्तीचे उपाय झाले. २००६मध्ये सॅस आणि २००९मध्ये लेस या पूर्वप्रक्रिया-भाषांनी चल आणि गणित दिले. रशियातील यांडेक्स कंपनीतून बीईएम ही नामकरणपद्धत आली: गटाचे नाव, मग घटकाचे, मग त्याच्या प्रकाराचे, अशी लांबलचक नावे. आता हाक ‘देशपांड्यांचे मधल्या खोलीतले अण्णा’ अशी जाऊ लागली. गोंधळ घटला, पण सारी मदार माणसाच्या काटेकोरपणावर राहिली. शिवाय जुना नियम पुसायला कोणी धजावत नसे, कारण तो कुठे वापरात आहे हे खात्रीने सांगता येत नसे.

१५/ मे २०१३मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट ही लायब्ररी सर्वांना खुली केली. तिने विभागणीची रेघच दुसरीकडे ओढली. भाषेनुसार तीन फायली करण्याऐवजी पानाचे घटक करा. प्रत्येक घटक, म्हणजे कम्पोनंट, आपली रचना आणि आपले वर्तन स्वतःजवळ बाळगेल. मग स्वाभाविक प्रश्न उभा राहिला. घटकाचे हाड आणि स्नायू एकत्र आले, तर त्याची कातडी निराळ्या फायलीत का असावी?

१६/ नोव्हेंबर २०१४मध्ये अमेरिकेतल्या नेशनजेएस परिषदेत फेसबुकचे अभियंते क्रिस्तोफर शेदो यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मोठ्या प्रमाणावर सीएसएस लिहिताना येणाऱ्या सात अडचणी त्यांनी मोजल्या: सर्वत्र लागू होणारी नावे, परस्परावलंबन, मृत नियम काढता न येणे, नावे आखूड करता न येणे, जावास्क्रिप्टशी मूल्ये वाटून घेता न येणे, फायलींच्या क्रमानुसार बदलणारा निकाल आणि घटकांचा परस्परांत हस्तक्षेप. शैली जावास्क्रिप्टमध्ये लिहिली तर या साऱ्यांतून सुटका होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अठरा वर्षांपूर्वीचा पराभूत पक्ष नव्या कारणांसह सभेत परतला होता.

१७/ खळबळ उडाली. पवित्र विभागणी मोडली म्हणून कित्येकांनी कपाळाला आठ्या घातल्या. कित्येकांनी लगोलग लायब्ररी लिहायला घेतल्या. जेएसएस, रेडियम, खान अकॅडमीची अ‍ॅफ्रोडाइटी, सुनील पै यांची ग्लॅमर, अशी रांगच लागली. रेडियम शैली थेट घटकाच्या अंगावर लिहीत असे. पण अंगावर लिहिलेल्या शैलीत ‘माउस वर आला तर’ किंवा ‘पडदा अरुंद असला तर’ अशा अटी घालता येत नाहीत. त्या जावास्क्रिप्टने निभवाव्या लागत. म्हणून पुढच्या बहुतेक लायब्ररींनी खरे सीएसएस नियम तयार करून पानात घालण्याचा मार्ग धरला.

१८/ २०१५च्या जावास्क्रिप्टमध्ये एक नवी सोय आली होती. उलट्या अवतरणचिन्हांत कितीही ओळींचा मजकूर लिहावा आणि तो एखाद्या फंक्शनकडे सोपवावा. ऑक्टोबर २०१६मध्ये मॅक्स श्टॉयबर आणि ग्लेन मॅडर्न यांनी हीच सोय वापरून स्टाइल्ड-कम्पोनंट्स ही लायब्ररी आणली. आता जावास्क्रिप्टच्या फायलीत, पण सीएसएसच्याच ओळखीच्या लिपीत शैली लिहिता येऊ लागली. २०१७मध्ये इमोशन आली. दोन्ही अफाट लोकप्रिय झाल्या.

१९/ आत घडते ते असे. तुम्ही बटनाची शैली लिहिता. लायब्ररी तो मजकूर घेऊन त्यातून एक हॅश, म्हणजे मजकुराचा आकडी ठसा, काढते. त्या ठशापासून क्लासचे नाव बनते. त्या नावाचा सीएसएस नियम पानातल्या एका ‘स्टाइल’ खुणेत घातला जातो आणि घटकाला तेच नाव मिळते. मजकूर वेगळा तर ठसा वेगळा, त्यामुळे दोन अण्णांची गाठ पडत नाही. मजकूर तोच असेल तर ठसाही तोच, त्यामुळे नियम दोनदा लिहिला जात नाही. नाव ठेवण्याची जबाबदारी माणसाकडून गणिताकडे गेली.

२०/ मात्र या सोयीला वजन होते. दोन्ही लोकप्रिय लायब्ररी दाबून आखूड केल्यावरही सुमारे ११-१२ किलोबाइट भरत. एका छायाचित्रापुढे हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण छायाचित्र फक्त उलगडून दाखवायचे असते. जावास्क्रिप्ट वाचावी लागते, समजून घ्यावी लागते आणि चालवावी लागते. महागड्या लॅपटॉपवर हे जाणवत नाही. स्वस्त फोन आणि अडखळते नेटवर्क हाती असलेल्या माणसाला ते जाणवते. सोय डेव्हलपरची आणि भार वाचकावर, असा हा व्यवहार.

२१/ येथे आपल्या कथेतले सर्वांत लहान पात्र येते. २०१९च्या सुमारास क्रिस्टियन बोटे यांना एका खासगी प्रकल्पात ‘स्टाइल्ड’ पद्धत वापरायची होती, पण केवळ त्या पद्धतीसाठी ११-१२ किलोबाइट मोजणे त्यांना पटेना. त्यांनी तीच पद्धत एका किलोबाइटहून कमी आकारात बसवली. तिचे नाव गूबर. अमेरिकेच्या दक्षिण भागात गूबर म्हणजे शेंगदाणा. हा शब्द गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर काँगो भाषेतल्या ‘न्गुबा’पासून तिकडे पोहोचला. मूठभर खाऊ, पोटभर ताकद, असे नाव.

२२/ एवढ्या लहान जागेत काय मावले, हे इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ठसा काढणारे छोटे फंक्शन, मजकुराचे नियमांत रूपांतर करणारा छोटा वाचक आणि नियम ठेवायला एक ‘स्टाइल’ खूण, एवढाच मूळ ऐवज. जुन्या ब्राउझरांसाठी लागणारे उपसर्ग आपोआप लावण्याची व्यवस्था बाहेर ठेवली. हवी तर वेगळी जोडावी. रिअ‍ॅक्टशीही तिची गाठ कायमची बांधलेली नाही. घटक तयार करणारे फंक्शन सुरुवातीला तिच्या हाती द्यायचे, मग ते रिअ‍ॅक्टचे असो वा प्रीअ‍ॅक्टचे. काही वर्षांच्या प्रयोगांतून नेमके अत्यावश्यक काय ठरले, त्याची ही जणू यादीच.

२३/ पण आकार घटला तरी मूळ प्रश्न उरलाच. नियम वाचकाच्या ब्राउझरमध्ये, पान चालू असताना तयार होत होते. पान नुसते ब्राउझरमध्येच उभे राहत असेल आणि जावास्क्रिप्ट बंद असेल, तर शैली येणारच नाही: १९९७चे बोडके पान पुन्हा दारात! गूबरसह बहुतेक लायब्ररींनी यावर तोड काढली. सर्व्हरवर पान घडवतानाच तयार झालेली सीएसएस वेचून घ्यायची आणि एचटीएमएलसोबत पाठवायची.

२४/ श्रमाचा हिशेब मात्र चुकला नाही. मार्च २०२२मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १८ने अशा लायब्ररींसाठी नियम घालण्याची खास जागा दिली, पण ऐनवेळी नियम घुसवण्याची पद्धत मंद ठरते, असा इशाराही रिअ‍ॅक्टच्या चमूने दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅम मगुरा यांनी आपण ही पद्धत का सोडत आहोत, ते मोजमापांसह लिहिले. त्यांच्या प्रकल्पातील एका घटकाचा रेखाटनाचा वेळ तिच्यावाचून जवळपास निम्म्यावर आला होता. मगुरा हे इमोशनच्याच प्रमुख देखभालकर्त्यांपैकी एक, म्हणून ही साक्ष वजनदार ठरली.

२५/ पुढची वाट तडजोडीची निघाली. शैली लिहायची जावास्क्रिप्टमध्ये, पण प्रकाशित करण्यापूर्वीच तिची साधी सीएसएस फाइल बनवायची. लिनारिया, व्हॅनिला-एक्स्ट्रॅक्ट आणि डिसेंबर २०२३मध्ये मेटाने खुली केलेली स्टाइलएक्स याच मार्गावरच्या. नेटस्केपच्या दुभाष्याचे काम येथे उलटे झाले. तो सीएसएसची जावास्क्रिप्ट करी; हे जावास्क्रिप्टची सीएसएस करतात, आणि तेही वाचकाच्या दारी जाण्याआधी.

२६/ दरम्यान सीएसएसही स्वस्थ बसली नव्हती. तिने चल घेतले, गणित घेतले, २०२२मध्ये स्तर घेतले, २०२३मध्ये नियमांत नियम लिहिण्याची सोय घेतली. ठरावीक भागापुरते नियम लागू करण्याची सोयही आता ब्राउझरांत पोहोचली आहे. शेदो यांच्या यादीतल्या अनेक अडचणींवर आता भाषेतच उपाय आहेत. २०२५मध्ये स्टाइल्ड-कम्पोनंट्सच्या देखभालकर्त्याने नव्या प्रकल्पांसाठी ती सुचवणे थांबवले आणि यापुढे केवळ देखभाल होईल असे जाहीर केले. नऊ वर्षांपूर्वीची बंडखोर लायब्ररी आपले काम करून बाजूला झाली.

२७/ मग जिंकले कोण? जेएसएसएसने मागितलेले चल आणि गणित सीएसएसमध्ये आले. घटकाजवळच शैली असावी ही २०१४ची मागणीही मान्य झाली. पण अखेर ब्राउझरच्या हाती जाते ते विधानच, आणि वाचकाला त्यावर आपले म्हणणे मांडायची जागा अजून शिल्लक आहे. हरलेल्या पक्षाचे म्हणणे विजेत्याच्या कायद्यात शिरते, हे राजकीय इतिहासात आपण अनेकदा पाहतो. येथे ते एका भाषेच्या व्याकरणात घडले.

२८/ शेवटी एक छोटा उद्योग. एखाद्या संकेतस्थळावर उजवी कळ दाबून एखादे बटन तपासा. त्याच्या क्लासचे नाव रोमन लिपीतल्या ‘गो’ या दोन अक्षरांनी सुरू होऊन पुढे निव्वळ आकडे दिसले, तर बहुधा तो गूबरचा ठसा. मग त्याच पानाची जावास्क्रिप्ट बंद करून पान पुन्हा उघडा. रंग टिकले, तर कोणीतरी सर्व्हरवर तुमच्यासाठी आधीच कष्ट घेतले आहेत. नाही टिकले, तर तुम्ही काही क्षण १९९७मध्ये उभे आहात.